प्रिंट कुठाय?

हजेरी नंतर. आधी आपापली वही उचला आणि जागेवर बसा. लाल शाई बघून तोंडं पाडू नका, तोंडं पाडण्यासारखं मी अजून बोललेलीच नाही.

काम काय दिलं होतं? घरासाठी एक आणि धंद्यासाठी एक, असे दोन इंकजेट फोटो प्रिंटर निवडायचे, पारखायचे आणि निवडीची कारणं लिहायची. तुम्ही काय आणलंत? तक्ते. सुबक, रंगीत, रेघा मारलेले तक्ते. डीपीआय किती, मिनिटाला पानं किती, वायफाय आहे का, पडदा किती इंचांचा. एकाने तर खोक्याची लांबी-रुंदीसुद्धा दिली आहे. आणि अख्ख्या वर्गात एकाही वहीला छापलेला एक फोटो जोडलेला नाही. आचाऱ्याची परीक्षा घ्यायला गेलात आणि शेगडीचं माप घेऊन आलात!

'मॅडम, मशीन कुठून आणायचं?' कोण पुटपुटलं? उभा राहा, आणि मोठ्याने बोल. तुझ्या काकांचा बसस्टँडसमोर स्टुडिओ आहे, तूच प्रवेशाच्या वेळी सांगितलंस. तिथे रोज पासपोर्ट फोटो छापतात ना? आपल्याच प्रयोगशाळेत एक यंत्र कापडाखाली झाकून ठेवलंय. ते कापड काढायला कोणाच्या मुहूर्ताची वाट बघत होतात? बस खाली.

आता त्या ५७६० गुणिले १४४० कडे येऊ. हा आकडा झाडून सगळ्यांनी लिहिलाय, काहींनी त्याखाली दोन-दोन रेघा ओढल्यात. तो कशाचा, हे मात्र कोणीच लिहिलेलं नाही. वर्गात सांगितलं तेव्हा माना डोलावत होतात. हेड कागदावरून सरकताना एका इंचात किती जागी थेंब टाकू शकतं, त्याचा हा आकडा, म्हणजेच डीपीआय. थेंब पिकोलिटरमध्ये मोजण्याइतका बारीक. यंत्राजवळ शाया मोजक्या असतात. बाकीचे सगळे रंग त्या थेंबांच्या दाटी-विरळीतून डोळ्याला भासवायचे असतात. म्हणून फोटोतल्या एकेका पिक्सेलसाठी बरेच थेंब शेजारी शेजारी पडावे लागतात. फोटोला स्वतःला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. ए-४ कागदाला त्या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ लागतील, म्हणजे सुमारे ८७ लाख. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये तेवढे सहज असतात. आणि एकीने लिहिलंय, 'डीपीआय जास्त असल्यामुळे जुने लहान फोटोही मोठे आणि स्पष्ट छापता येतील.' अगं, व्हॉट्सॲपवरून पाच जणांच्या हातातून फिरत आलेला आजोबांचा फोटो वाटेत दाबून दाबून एवढासा होतो. फाइलमध्ये जे उरलेलंच नाही, ते प्रिंटर कुठून आणणार?

रंगांच्या संख्येचंही तेच. 'सहा रंग, म्हणून चारपेक्षा उत्तम. दहा रंग, म्हणून सहापेक्षा उत्तम.' ही काय बोली लागली आहे? ते जादा रंग कोणते आणि कशासाठी, हे बघा. एपसनच्या एल-८०५ किंवा एल-८०५० मध्ये नेहमीच्या चार रंगांवर फिका सायन आणि फिका मॅजेंटा आहे. गालावरचा उजेड, पांढऱ्या सदऱ्याची सावली, पहाटेचं आकाश अशा फिकट जागी गडद शाईचे थेंब विरळ पडले की रवाळपणा दिसतो. फिक्या शाईने तो मोडतो. कॅननच्या जी-५७० मध्येही सहाच शाया आहेत, पण तिथल्या दोन जादा शाया लाल आणि राखाडी. संख्या एकच, विचार वेगळा. एपसनच्या पी-९०० मध्ये जांभळी शाई आहे आणि राखाडीच्या दोन छटा आहेत. कॅननच्या प्रो-१००० मध्ये बारा टाक्या, पण त्यातल्या एकीत रंगच नाही. चकाकीचा थर कागदावर सारखा बसावा म्हणून ते पारदर्शक द्रव्य आहे. दोघांनी त्याला 'बारावा रंग' म्हटलंय. शाबास.

चार रंगांवर खुशाल टीका केलीत, पण खरं कारण एकानेही पकडलं नाही. ऑफिसच्या कामाच्या कित्येक टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची असते आणि बाकीच्या तीन डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. ग्लॉसी कागद निवडला की यंत्र ती काळी शाई बाजूलाच ठेवतं आणि काळा रंग तीन शायांच्या मिश्रणातून काढतं. म्हणून केस तपकिरी दिसतात, काळा कोट हिरवट वाटतो. ए-४ चा एक ग्लॉसी प्रिंट काढला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

आता टिकाऊपणा. इथे मी बराच वेळ घेणार आहे, कारण इथे तुम्ही सगळ्यात जास्त बेफिकिरी केली आहे. '१०० वर्षं टिकते', '२०० वर्षं टिकते', पुढे पूर्णविराम. कोणी मोजलं? कुठल्या कागदावर? किती उजेडात? काचेमागे की उघडं?

थोडा इतिहास ऐका, फुकट आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला ग्रॅहम नॅश या गायकाने आणि मॅक होल्बर्ट यांनी नॅश एडिशन्स नावाची छपाईशाळा काढली. त्यांच्याकडे आयरिस जातीचा इंकजेट होता. ते यंत्र मुळात छापखान्यांसाठी, मोठी छपाई सुरू करण्याआधी नमुन्याची एक प्रत काढून बघण्यासाठी बनवलेलं होतं. नमुना बघितला की काम संपलं, तो टिकायची गरजच नव्हती. या मंडळींनी त्यावर चित्रकारांसाठी, छायाचित्रकारांसाठी देखणे प्रिंट काढले. देखणे होते यात वाद नाही. पण सुरुवातीच्या त्या शाया काही वर्षांत उडायला लागल्या. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये मानाने ठेवलंय.

पुढे २००० साल. एपसनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० बाजारात आले. प्रिंट सुंदर, आणि उजेडात वर्षानुवर्षं टिकतील असा कंपनीचा दावा. लोकांनी फोटो छापून भिंतीला लावले, आणि काही घरांत ते थोड्याच दिवसांत नारिंगी दिसू लागले. दावा उजेडाचा होता, घात हवेने केला. कागद सूक्ष्म छिद्रांचा होता. शाई पडताच सुकते ती त्या छिद्रांमुळे, पण त्याच छिद्रांतून हवेतला ओझोन आत जाऊन सायन रंगाच्या डायला खातो. सायन गेला की उरतात मॅजेंटा आणि पिवळा, म्हणजे नारिंगी. काचेमागचे फोटो बरेच वाचले. त्याआधीचे फुगणारे लेप शाईला आत झाकून घेत, पण सुकायला वेळ लावत आणि पाणी पडलं की बिघडत. त्याच साली एपसनने २०००-पी आणला, पिगमेंट शाईचा. तो टिकाऊपणात वरचढ निघाला, पण त्याचा राखाडी रंग दिव्याखाली ठीक आणि खिडकीच्या उजेडात हिरवट. एका उजेडात बरोबर, दुसऱ्यात चूक. २००५ मध्ये काळ्याच्या तीन पायऱ्या असलेल्या शाया आल्या तेव्हा ते दुखणं बरंच आटोक्यात आलं, आणि कृष्णधवल छपाई करणारे लोक डार्करूम सोडून इंकजेटकडे वळायला धजावले.

आता वर्षांच्या आकड्याबद्दल. हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेत प्रिंट तपासतात तेव्हा 'एक वर्ष' म्हणजे काचेमागे, दिवसाला १२ तास, ४५० लक्स उजेड, असा हिशेब धरतात. कोडॅक कंपनी आपल्या दाव्यांसाठी १२० लक्स धरत असे. भाग द्या. ४५० भागिले १२०, पावणेचार. कागद तोच, शाई तीच. नुसता गृहीत उजेड बदलला की आयुष्य जवळजवळ चौपट. आणि तुम्ही दोन कंपन्यांचे आकडे एका रकान्यात शेजारी शेजारी मांडून, मोठ्या आकड्याला बरोबरची खूण करून मोकळे झालात!

शिवाय तो आकडा एका विशिष्ट शाई-कागदाच्या जोडीचा असतो. बाजारातली लिटरची शाई ओतलीत, त्यावर पाकिटावर नावही नसलेला ग्लॉसी कागद घातलात, की त्या आकड्याशी तुमचा संबंध संपला. स्टुडिओवाल्यांची मुलं इकडे बघा. स्वस्त शाई वापरू नका असं मी म्हणत नाही. महिनाभरात फॉर्मवर चिकटून फाइलीत जाणाऱ्या पासपोर्ट फोटोला शंभर वर्षांची हमी कशाला? पण लग्नाचा मोठा फोटो त्याच शाईत काढून गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात लावता, तेव्हा तो किती दिवस टिकेल हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एक प्रिंट घ्या, अर्ध्यावर काळा जाड पुठ्ठा बसवा आणि दक्षिणेच्या खिडकीत लावून ठेवा. परीक्षेच्या दिवशी पुठ्ठा काढा. दोन्ही अर्धी सारखी दिसली तर माझ्याकडे पेढे घेऊन या.

आणि आपल्या हवेचं काय? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना तरी सुचायला हवं होतं. जुलैत तिथे कागदाचं पाकीट उघडं राहिलं की कागद ओल पितो, कड वळते, हेड कागदाला घासतं आणि कडेला काळा ओरखडा येतो. डायच्या अक्षरांना पिसारा फुटतो. काचेला थेट चिकटवून फ्रेम केलेला ग्लॉसी फोटो एक पावसाळा गेला की काचेलाच धरून बसतो; मध्ये माउंट हवा. आणि छापल्या छापल्या फ्रेम करू नका. हाताला सुका लागला तरी आतला द्रव अजून उडत असतो, मग काचेच्या आतून धुकं धरतं. एक दिवस उघडा ठेवा. तिकडे चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलटी गत. हवा इतकी कोरडी की चार दिवस यंत्र चाललं नाही तर नोझल बसलं म्हणून समजा.

नोझलवरून आठवलं. प्रिंटर बंद कसा करायचा, सांगा. हं, 'स्विच ऑफ करायचा'. कुठला स्विच? भिंतीवरचा! वाटलंच होतं. यंत्राचं स्वतःचं बटण दाबलं की हेड कोपऱ्यात जाऊन आपल्या रबरी टोपीवर नीट बसतं. त्यामुळे नोझलं सुकत नाहीत. मध्येच भिंतीवरून वीज तोडलीत तर हेड जिथे आहे तिथे उघडं राहतं. मग सकाळी रेघा येतात, मग हेड क्लीनिंग, पुन्हा क्लीनिंग, पुन्हा क्लीनिंग, आणि शेवटी 'ही कंपनीच बेकार'. दर क्लीनिंगला शाई जाते कुठे? यंत्राच्या पोटातल्या स्पंजात. तो भरत आला की यंत्र थांबतं. मग तुमच्या गावातला दुरुस्तीवाला रिसेटर चालवतो, आकडा शून्यावर आणतो आणि पैसे घेतो. आकडा शून्यावर आला म्हणून स्पंज रिकामा झाला का? आणखी काही महिन्यांनी टेबलावर शाईचं तळं होतं, तेव्हा पुन्हा कंपनी बेकार. यंत्र निवडताना विचारायचा प्रश्न साधा होता: ही शाई साठवणारी पेटी मला स्वतःला बदलता येते का? किती वह्यांत तो आहे? मी शोधला. सापडला नाही.

हेडचे दोन वंश आहेत, तेही सांगून टाकते. कॅनन आणि एचपी शाईला क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब उडवतात. एपसन विजेने वाकणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने उडवते. श्रेष्ठ कोण यावर भांडू नका. तुम्हाला कामाचं एवढंच की प्रो-१००० सारख्या यंत्राचं हेड झिजलं तर नवं विकत आणून मालकाला स्वतः बसवता येतं, एपसनचं हेड यंत्राबरोबर आयुष्यभर चालावं अशा बेताने बनवलेलं असतं आणि गेलंच तर काम सर्व्हिस सेंटरचं. दुकान तालुक्याला आणि सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असेल तर हा मुद्दा तुमच्या वायफायच्या रकान्यापेक्षा वर यायला हवा होता.

घराचं यंत्र. सगळ्यांनी काही ना काही सुचवलंय. एकानेही 'घेऊ नका' असं लिहिलेलं नाही. का? नापास करीन म्हणून? ज्या घरात दिवाळीत आणि वाढदिवसाला मिळून वर्षाला वीस-पंचवीस फोटो छापायचे, त्या घराने फोटो प्रिंटर घेऊ नये. पेनड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये जावं. तिथे खऱ्या फोटो कागदावर, रसायनात धुतलेले प्रिंट मिळतात, स्वस्त मिळतात आणि टिकतात. घरचं यंत्र पडून राहिलं की त्याची निम्मी शाई स्वतःचं नाक साफ करण्यातच जाते. हां, घरात शाळेत जाणारी मुलं आहेत, दर आठवड्याला प्रकल्पाची चित्रं लागतात, कोणाला तरी छायाचित्रणाचा नाद आहे आणि तो स्वतः छापून, चुका बघून शिकणार आहे, अशा घरात सहा रंगांचा टाकीवाला ए-४ प्रिंटर शोभतो. सत्तर मिलिलिटरची बाटली ओतायची आणि हात आखडता न घेता छापायचं. त्या माणसाला मी दहा रंगांचं यंत्र घेऊ देणार नाही. कार्ट्रिजच्या किमतीला घाबरून तो छापणंच बंद करील.

धंद्याचं म्हणाल, तर 'प्रोफेशनल' म्हणजे कोण? तुमच्या वह्यांत तो एकच माणूस आहे. माझ्या ओळखीत निदान चार आहेत, आणि एकाचं यंत्र दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. बसस्टँडसमोरचा स्टुडिओ दिवसभर ४ बाय ६ वर आठ-आठ पासपोर्ट छापतो. त्याला वेग हवा, स्वस्त शाई हवी आणि माप अचूक हवं. माप कुठे चुकतं? बिनकिनारीची छपाई निवडलीत की यंत्र कागदाच्या कडेबाहेर थोडी शाई जावी म्हणून चित्रच किंचित मोठं करतं. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो मग त्या मापाचा राहत नाही, आणि कडेबाहेरची शाई स्पंजात जाते ती वेगळीच. लग्नाच्या हॉलवर उभ्या उभ्या फोटो देणाऱ्याला इंकजेट नकोच. त्याने डाय-सब्लिमेशनचं यंत्र घ्यावं. डीएनपीचं डीएस-आरएक्स-१ एचएस ४ बाय ६ चा फोटो सुमारे १२ सेकंदांत कोरडा देतं आणि एका रोलवर ७०० फोटो ठरलेले, त्यामुळे खर्चही ठरलेला. बारा बाय छत्तीसचे करिझ्मा अल्बम करणाऱ्याने ते लॅबकडेच पाठवावेत. 'प्रिंटर नको' हेही मूल्यमापनच आहे, पण ते लिहायला धंदा बघावा लागतो.

राहिला चौथा, प्रदर्शनं करणारा आणि स्वतःचे प्रिंट सही करून विकणारा. उद्या मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत भिंत मिळाली तर कामाला येईल असं यंत्र त्याला हवं. इथे एपसनचे पी-७००, पी-९०० आणि कॅननचे प्रो-३००, प्रो-१००० ही नावं बरोबर आहेत. कारणं चूक. पी-९०० का? तर 'स्क्रीन छान आहे'. काय हे! अरे, आधीच्या पी-८०० मध्ये ग्लॉसीवरून मॅटवर जाताना काळी शाई बदलावी लागे आणि दर वेळी थोडी शाई गटारात जाई. पी-९०० मध्ये दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझलं आहेत. जो सकाळी बरायटा कागदावर आणि दुपारी ३०८ जीएसएमच्या सुती फोटो रॅगवर छापतो, त्याच्या दृष्टीने ती मोठी सोय. जाड कागद कुठल्या वाटेने आत जातो, मागून की पुढून, एकेक की गठ्ठ्याने. रोल लावता येतो का. मॅटवर काळा किती खोल उतरतो. स्क्रीन म्हणे.

खर्चाच्या पानावर मी नुसती फुली मारली आहे, कारण तिथे वाचण्यासारखं काही नाही. तुम्ही यंत्राची किंमत लिहिलीत आणि कंपनीची 'पानं' लिहिलीत. ती पानं आयएसओ २४७११ प्रमाणे मोजलेली, म्हणजे ऑफिसची मजकुराची-तक्त्यांची ठरलेली पानं. फोटोसाठी वेगळं मानक आहे, आयएसओ २९१०२. फोटोत कागद कडेपासून कडेपर्यंत शाईने भिजतो, पानात पाव भागही भिजत नाही. शाई मिलिलिटरने तोला. प्रो-३०० च्या एका टाकीत १४.४ मिलिलिटर, पी-७०० मध्ये २५, पी-९०० मध्ये ५०, प्रो-१००० मध्ये ८०. लहान टाकीचं यंत्र खरेदीच्या दिवशी स्वस्त वाटतं. किमतीला मिलिलिटरने भागा आणि मग बोला. नव्या यंत्राबरोबर येणाऱ्या पहिल्या संचातली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, म्हणून पहिल्या संचावरून हिशेब मांडायचा नाही. वाया गेलेले कागद धरायचे. सुती कागदाचा एक ताव चुकला की शाईची सगळी काटकसर पाण्यात जाते.

आणि कागद चुकतो कोणामुळे? 'या प्रिंटरचे प्रिंट काळपट येतात.' हे वाक्य मी तीन वह्यांत वाचलं, आणि तिन्ही ठिकाणी ते कुठून तरी उचललेलं आहे. पडदा पूर्ण झगझगीत करून बसता, अंधाऱ्या खोलीत फोटो दुरुस्त करता, मग पडद्यावरचा प्रकाश कागदातून कसा येईल? कागद स्वतः उजळत नाही. पडदा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा, मग बोला. रंग वेडेवाकडे येतात, तिथे बहुतेक वेळा फोटोशॉपही रंगाचं प्रोफाइल लावत असतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही. दोघांनी दुरुस्त केलेला रंग दोनदा बिघडतो. एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं. ट्रेमध्ये मॅट कागद आणि ड्रायव्हरमध्ये ग्लॉसी ही जोडी तर आपल्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला सापडते. यात यंत्राने काय केलं? तुम्ही यंत्राला गुण देत नव्हता, स्वतःच्या आळसाला देत होता.

आता पारख कशी करायची, ते शेवटचं सांगते. पुढच्या वेळी 'मॅडम, सांगितलंच नव्हतं' नको. ठरलेली एकच फाइल घ्यायची आणि प्रत्येक यंत्रावर तीच छापायची. आयत्या फाइली मिळतात. ॲपलच्या मॅकपेंटचे कर्ते बिल ॲटकिन्सन पुढे निसर्ग-छायाचित्रणात आणि रंगव्यवस्थेत रमले. त्यांनी केलेलं २८ रंगीत चेंडूंचं चाचणीपान छपाईवाले अजून वापरतात. चेंडूच्या कडेला रंग अचानक सपाट झाला, तर तिथे यंत्राची रंगाची हद्द संपली. पण त्यात आपली माणसं नाहीत. म्हणून सोबत स्वतःचं एक पान करा. कुंकवाचा लाल, राणी रंगाचा शालू, मोरपंखी पैठणी आणि तिची जर, हळदीचा चेहरा, पांढरं धोतर सावलीत, काळी घोंगडी सावलीत. आणि सावळा चेहरा, आहे तसा. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून पडद्यावर सगळ्यांना गोरं करून टाकायची जी सवय तुम्हाला लागली आहे, तिने तुमचा डोळा बिघडलाय. यंत्राने त्वचेचा खरा रंग दिला की तो तुम्हाला 'डल' वाटतो.

प्रिंट आला की लगेच निकाल द्यायचा नाही. सुकू द्या. मग खिडकीत बघा, मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली. राखाडी पट्टी तिन्ही ठिकाणी राखाडीच राहते का? तिरपा धरून बघा. गडद भागावर तांब्यासारखी झाक येते का, उजळ भागाची चकाकी वेगळी दिसते का? घोंगडीची वीण दिसते की नुसता काळा ठोकळा? निळं आकाश जांभळं झालं का? दिसेल ते वहीत लिहा, 'छान', 'मस्त', 'व्हायब्रंट' हे शब्द दिसले की वही परत करीन. प्रिंटच्या मागे पेन्सिलने शाई, कागद, प्रोफाइल आणि तारीख. ग्लॉसीच्या मागे पेन्सिल उमटत नाही, तिथे लेबल चिकटवा.

पुढच्या सोमवारी सगळ्यांनी नवीन वही आणायची. एक घर निवडा, खरं, ज्यात माणसं राहतात. एक धंदा निवडा, खरा, ज्याचं शटर सकाळी उघडतं. आधी त्यांना विचारा की वर्षाला काय छापता, कशावर छापता, ते कुठे जातं. यंत्र त्यानंतर. दुकानात डेमो बघायला जाल तेव्हा फाइल आपली न्या आणि कागद आपला न्या. दुकानदाराची ती फुलपाखराची आणि फळांच्या टोपलीची फाइल कुठल्याही यंत्रावर झकासच दिसते. 'बाहेरचा कागद डेमो मशीनला चालत नाही' म्हणाला, तर तेही वहीत लिहा आणि पुढच्या दुकानात जा.